परक्या मांडवाखालचा ऑक्टोबर

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने फ्रान्समधले फोटो पाठवले. द्राक्षांच्या मुलखातलं कित्येक शतकांपूर्वीचं गाव, दगडी घरं, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी गल्ली, निळ्या दारावर चढवलेला वेल आणि त्या दारात उभी राहून हसणारी ती. ग्रुपवर सगळ्यांनी पटापट बदाम टाकले. मी मात्र फोटो मोठा करून तो वेल बघत बसले. काड्या लांब सुटलेल्या, पानं पिवळी पडायला लागलेली. म्हणजे अजून छाटलेला नाही. "बरं झालं," असं माझ्या तोंडून निघून गेलं. समोर चहा पीत बसलेल्या माझ्या नवऱ्याने, निखिलने, मान वर न करता विचारलं, आप्पांचा फोन आला का? मी नाही म्हटलं. आप्पा म्हणजे माझे वडील. यंदाही व्हिजिट व्हिसा काढू का, असं विचारून आठवडा होऊन गेला होता, आणि त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

ऑक्टोबर आला की मस्कतच्या आमच्या अल हैल भागात माणसं घराबाहेर दिसायला लागतात. एसी बंद होतात, खिडक्या उघडतात, संध्याकाळी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात मासळीचा वास असतो आणि खालच्या गल्लीत मुलं सायकली काढतात. सगळे खूश असतात. मला मात्र गेल्या वर्षीपासून या महिन्याची धास्ती बसली आहे. खरं तर माझ्याइतका ऑक्टोबर कुणाला आवडत नसेल, कारण मी दिंडोरीकडची, द्राक्षवाल्याची मुलगी.

आमच्याकडे दसरा झाला की गोडी छाटणी. एप्रिलमध्ये काडी वाढवायला खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळ धरायला गोडी. वर्षातून दोनदा कात्री लावायची आणि वेलाला झोपूच द्यायचं नाही. शाळेला सुट्टी लागली की मी दिवसभर बागेत असायची. मांडवाखाली वाकून चालणारी माणसं, कात्र्यांचा कटकट आवाज, मागून हातमोजे घालून डोळ्यांना पेस्ट लावत येणाऱ्या बायका. काडीवर जिथून फूट निघते त्याला आम्ही डोळा म्हणतो. ती पेस्ट लावली की सगळे डोळे एकदम फुटतात. छाटलेल्या काडीच्या टोकाला कधी कधी पाण्याचा थेंब येतो. मी लहानपणी आप्पांना विचारलं होतं, वेल रडतो का? ते म्हणाले होते, "रडत नाही, जागा होतोय."

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सुनीलने, माझ्या भावाने, बाग तोडली. त्याची चूक नव्हती. बागेचं वय झालं होतं, माल निघत नव्हता, आणि आप्पांना विचारूनच त्याने तोडली. आता तिथे शेडनेट आहे आणि आत शिमला मिरची. आप्पांनी परवानगी दिली आणि मग बोलणंच कमी केलं. जेवायला बोलावलं की यायचे, विचारलं तेवढंच सांगायचे. सुनीलने मला फोन केला, म्हणाला, ताई, ऑक्टोबरात त्यांना तुझ्याकडे ने. छाटणीचे दिवस आले की ते रिकाम्या हातांनी बांधावर उभे राहतील, ते मला बघवणार नाही.

आले. बॅगेत दोन धोतरं, चार सदरे, ईरासाठी चिवडा आणि कपड्यांच्या घडीत गुंडाळलेली कात्री. ईरा आमची मुलगी, नववीत आहे. इथल्या इंडियन स्कूलमधल्या मुलांचं मराठी जेवढं असतं तेवढंच तिचं आहे. कात्री कशाला आणली, असं मी विचारलं, तर म्हणाले, सवय. जित्याची खोड. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या बाल्कनीतली तुळस सोडून बाकी सगळं छाटलं. दुसऱ्या आठवड्यात बिल्डिंगच्या कंपाउंडवरची बोगनवेल छाटली, तेव्हा वॉचमन तक्रार घेऊन वर आला. मी त्याची समजूत काढली आणि मनातून सुखावले, कारण त्या दिवशी आप्पा दोन पोळ्या जास्त जेवले होते.

लग्नाच्या वाढदिवसाला फ्रान्सला जायचं हे निखिलचं फार जुनं स्वप्न. ते दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकललं जातं. या वेळी तो म्हणाला, आप्पा आहेत तर वर डोंगरात, जबल अखदरला जाऊ, तिथेही दगडी गाव आहे, द्राक्षं आहेत, आपलं फ्रान्स ते. म्हणून एका शुक्रवारी सकाळी निघालो. पायथ्याच्या चौकीवर पोलिसाने गाडी फोर-व्हील आहे ना हे बघून सोडलं. मग तो घाट. कानांना दडे बसत होते आणि थर्मामीटरचा आकडा उतरत होता. वर पोचलो आणि आप्पांनी काच खाली केली. हवा थंड होती. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यांच्यावर एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी मातकट दगडांची घरं, आणि मधून झुळझुळणारा फलज. डोंगरातून शेकडो वर्षांपूर्वी कोरून आणलेला हा पाण्याचा पाट. सगळ्या गावाला पाळीपाळीने पाणी देतो. आप्पा पाटाशी उकिडवे बसले आणि पाळी कशी मोजतात, असं आम्हाला विचारू लागले. कितीतरी दिवसांनी त्यांनी स्वतःहून प्रश्न विचारला होता.

गावाचं नाव सांगत नाही. खल्फानचाचांना ते आवडायचं नाही.

खल्फानचाचा आम्हाला गल्लीच्या तोंडाशी भेटले. सत्तरीचे, पांढरा पायघोळ दिश्दाशा, डोक्याला फेटा, हातात बारीक काठी. तरुणपणी मस्कतमध्ये भारतीयांबरोबर नोकरी केलेली, त्यामुळे हिंदी येत होतं. इंडिया, बॉम्बे, अशी चौकशी झाली आणि त्यांनी आम्हाला सरळ अंगणात नेऊन बसवलं. अंगणावर लाकडी मांडव, मांडवावर एकच वेल, खोड माझ्या मांडीएवढं. खाली सगळी दाट सावली. त्यांनी डाळिंबं फोडून समोर ठेवली. मग जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली, तसे उठले. "आराम से बैठो, घर आपका है," असं म्हणून मशिदीकडे गेले. घरात त्यांची म्हातारी आई तेवढी झोपलेली होती.

घर आपका है. हे वाक्य आपण किती सहज म्हणतो, आणि आप्पांसारखी माणसं ते खरं मानतात.

ईराला फलजचा उगम बघायचा होता. मी, निखिल आणि ती वरच्या वाटेने गेलो. आप्पा म्हणाले, मी बसतो. आम्ही रमतगमत परत येत होतो तेव्हा गल्लीतूनच तो आवाज माझ्या कानावर आला. कट, कट. लहानपणीचा आवाज. माझी पावलं आधी आनंदाने उचलली गेली आणि मग मी धावतच सुटले.

अंगण उन्हाने भरलं होतं. सावली गेली होती. जमिनीवर काड्यांचा आणि पानांचा ढीग, आणि मांडवाखाली घामाने भिजलेले आप्पा, कात्री पुसत उभे. त्यांचा चेहरा मी कित्येक महिन्यांत तसा पाहिला नव्हता. म्हणाले, म्हातारा माणूस आहे बिचारा, छाटायला कोणी मिळत नसेल, किती वाढवून ठेवलाय बघ. डाळिंबं खाल्ली त्याची, एवढं तरी करावं माणसाने. ईरा म्हणाली, "आजोबा, तुम्ही ट्रीला हेअरकट दिला?" आणि ते चक्क हसले. परक्याच्या दारातला वेल, परका देश, आणि न विचारता. मला आप्पांचा भयंकर राग आला आणि त्यांच्या त्या हसण्याचं रडूही आलं.

तेवढ्यात खल्फानचाचा आले. दारातच थांबले. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वाकून एक काडी उचलली आणि तिच्या कापलेल्या टोकावर अंगठा फिरवला. मग एकच शब्द बोलले, "खलास."

निखिल माफी मागू लागला, मी मागू लागले. ते आमच्याकडे बघत नव्हते, आप्पांकडे बघत होते. शांतपणे म्हणाले, "इधर अभी नहीं काटता. ठंडी में काटता, जब ये सोता है. अभी काटा तो ये सोचेगा गर्मी आया. पत्ता निकालेगा. फिर बर्फ आके मारेगा."

आप्पांना हिंदी समजतं. मला भाषांतर करावं लागलं नाही. मी बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. आमच्याकडे वेल झोपत नाही, आमच्याकडे बर्फ पडत नाही. सगळं आयुष्य द्राक्षांत घालवलेल्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं की दुसऱ्या डोंगरावरचा ऑक्टोबर दुसरा असेल. भीक नको पण कुत्रं आवर, अशी म्हण अरबीत आहे की नाही मला ठाऊक नाही. त्या क्षणी असायला हवी होती.

आणि मग खल्फानचाचांच्या आई बाहेर आल्या. भिंतीला धरून, एक एक पाऊल टाकत. वय किती ते विचारायची सोय नाही. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. मांडवाखाली त्यांची चटई ठरलेली होती. त्या तिथपर्यंत आल्या, ऊन तोंडावर पडलं आणि थबकल्या. हात वर करून त्यांनी डोळ्यांवर आडवा धरला. काहीतरी विचारलं. मला त्यातला एकच शब्द कळला, शम्स, म्हणजे ऊन. खल्फानचाचांनी थोडक्यात काहीतरी सांगितलं आणि त्यांना धरून भिंतीच्या कडेला, उरलेल्या वीतभर सावलीत बसवलं. तो वेल त्यांनी या घरात सून म्हणून आल्यावर लावलेला होता, हे आम्हाला नंतर कळलं. बरं झालं नंतर कळलं.

एवढं होऊनही कहावा आला, इथली बिनदुधाची कॉफी. ओमानी माणूस दारात आलेल्याला कहावा पाजल्याशिवाय सोडत नाही, मग त्याने काही का केलेलं असेना. खल्फानचाचा स्वतः उभं राहून ओतत होते. इथली रीत अशी की पुरे झालं की पेला किंचित हलवायचा. नाही हलवला तर यजमान भरत राहतो. आप्पांना हे माहीत नव्हतं. ते पेला रिकामा करून समोर धरायचे, खल्फानचाचा भरायचे, आप्पा पुन्हा प्यायचे. कडू, वेलदोड्याचा, गरम. मला सांगता आलं असतं. पण त्या दोघांमध्ये बोलायची माझी छाती झाली नाही. आप्पा शिक्षा घेतल्यासारखे पीत राहिले, खल्फानचाचा ओतत राहिले. शेवटी त्यांनीच हळूच आप्पांच्या मनगटाला धरून पेला हलवून दाखवला.

त्या स्पर्शाने आप्पा बोलते झाले. मला म्हणाले, विचार त्यांना, या वेलाला पाणी कधी मिळतं? मी विचारलं. डाळिंबांच्या पाळीबरोबर, आज संध्याकाळी. आप्पा उठले. म्हणाले, त्याला जागं होऊ द्यायचं नसेल तर तहानलेला ठेवला पाहिजे. पेस्ट लावलेली नाही, देवच पावला. टोकाचे डोळे फुटतील, खालचे कदाचित झोपून राहतील. कदाचित, असं त्यांनी दोनदा म्हटलं. मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि खोडाभोवती मातीचा बांध घालायला बसले. खल्फानचाचा काही वेळ नुसते बघत होते. मग काठी भिंतीला लावून तेही माती ओढू लागले. दोन म्हातारे, चारही हात मातीत. पाणी डाळिंबांना जाईल आणि वेलाला जाणार नाही, असा बांध झाला.

घाट उतरताना गाडी लो गिअरमध्ये ठेवावी लागते आणि गाडी सारखी गुरगुरत राहते. अर्ध्या उतारावर ईराने मागून विचारलं, "आजोबा, तो वेल डाय होईल?"

"माहीत नाही गं," आप्पा म्हणाले.

द्राक्षाबद्दल त्यांना "माहीत नाही" म्हणताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मी समोर रस्त्याकडे बघत राहिले.

मग सुरू झालं ते वाट बघणं. निखिलच्या फोनवर खल्फानचाचा फोटो पाठवायचे. कुणाला दोष नाही, मजकूर नाही, नुसते काड्यांचे फोटो. आप्पा चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाजवळ धरायचे. नुसत्या काड्या असल्या की त्यांना जेवण जायचं. नोव्हेंबरात एके सकाळी फोटोत टोकाला हिरवं दिसलं. कोवळी, कापसासारखी फूट. हीच फूट बघायला आम्ही लहानपणी पहाटे बागेत पळायचो आणि माझी आई देवापुढे साखर ठेवायची. त्या सकाळी आप्पांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि चहा तसाच टाकून बाल्कनीत जाऊन उभे राहिले. पुढच्या फोटोत आणखी फुटी होत्या. मी मनातल्या मनात एका वेलाला म्हणत होते, झोप रे बाबा, झोप. आंबे, द्राक्षं, पोरंबाळं, सगळ्यांनी वाढावं म्हणून देवाला सांगणारी आपण माणसं. वाढू नको असं कुणाला म्हणायची ती माझी पहिलीच वेळ.

डिसेंबरात आप्पांचा व्हिसा संपला. बॅग भरताना बघितलं तर कात्री टेबलावर. आप्पा, ही राहिली, मी म्हटलं. त्यांनी तिकडे न बघता सांगितलं, "असू दे तुझ्याकडेच. आता हातात धरवत नाही."

विमानतळावर ते नेहमीसारखे वळून बघायला थांबले नाहीत.

जानेवारीत एक व्हिडिओ आला. पितळी परातीत पाणी गोठलेलं, खल्फानचाचा काठीने ठोकून दाखवत होते. मग कॅमेरा मांडवाकडे वळला. सगळ्या कोवळ्या फुटी काळ्या पडून लोंबत होत्या. मी तो व्हिडिओ आप्पांना पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, पडली का थंडी तिकडे? मी हो म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. सुनील सांगायचा, शेजारच्या बागेत एप्रिलची छाटणी चालू होती, बोलवायला आले होते, आप्पा घराबाहेर पडले नाहीत. लोक सल्ला विचारायला आले तर म्हणत, मला नका विचारू. त्यांचं सगळं शहाणपण त्या अंगणात, त्या ढिगाबरोबर पडून राहिलं होतं, आणि एका वेलावर सगळं अडलं होतं. तो मेला असता तर आप्पाही असेच संपत गेले असते, हे मला कळत होतं, आणि मी काहीही करू शकत नव्हते.

एप्रिलच्या शेवटी आम्ही तिघंच वर गेलो. फोन करून जायचं धाडस झालं नाही. गल्लीतून जाताना मी खाली मान घालून चालत होते. अंगणात खजुराच्या झावळ्या बांधून सावली केली होती, खाली आईंची चटई. तीन फांद्या वाळून काळ्या ठिक्कर. चौथीवर, खोडाजवळच्या, झोपून राहिलेल्या डोळ्यांतून आलेली पानं होती. मोठी, स्वच्छ, हिरवी. खल्फानचाचांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, तेरे बाप का बांध ने बचाया. ज्या माणसाने घाव घातला त्याच्याच नावावर त्यांनी ते जमा केलं. मी तिथे सगळ्यांसमोर रडले. पानांचा फोटो काढून तिथूनच आप्पांना पाठवला. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

उन्हाळ्यात कोणाबरोबर तरी छोटी टोपली आली, खाली पानं आणि वर मोजके घड. लहान, काळसर, बियांची द्राक्षं. आमच्याकडे असली कुणी हातात धरणार नाही. मी एक एक करून खाल्ली आणि आप्पांना फोनवर सांगितलं, गोड आहेत. "हं," म्हणाले.

आणि आता हा ऑक्टोबर. गेल्या आठवड्यात खल्फानचाचांचा आवाजातला मेसेज आला. मागे आईंचं काहीतरी बोलणं ऐकू येत होतं आणि ते हसत होते. "अम्मा पूछता, वो काटनेवाला आदमी किधर है. बोलता, उसको बुलाओ. दूसरा कोई हाथ नहीं लगाएगा. वो अभी सीख गया, इधर का टाइम उसको मालूम." मी तो जसाच्या तसा आप्पांना पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, व्हिसा काढू का? उत्तर न आलेला तो आठवडा त्यानंतरचा.

काल संध्याकाळी, त्या फ्रान्सच्या फोटोंवर अजून बदाम पडत होते तेव्हा, फोन वाजला. आप्पा. हवा कशी आहे, ईराची परीक्षा कधी, सुनीलच्या मिरचीला भाव नाही. मी हं हं करत राहिले. मग त्यांनी विचारलं, ती कात्री आहे ना तुझ्याकडे?

आहे, मी म्हटलं.

गंजली असेल. तेल लाव, खोबरेल नको, मशीनचं.

मी घाईघाईने म्हटलं, "मग आप्पा, लगेच काढते व्हिसा. याच महिन्याचा."

पलीकडे ते हसल्यासारखं वाटलं. "या महिन्यात येऊन काय करू? जानेवारीचा काढ. आधी त्याला झोपू दे."